आधी गाव, मग नाव: थडग्यांचे लेख आणि पॅरिशच्या वह्यांमधून आयरिश पूर्वजांचा शोध

आयरिश घराण्याची वंशावळ शोधायला बसलेल्या माणसाला सर्वप्रथम ३० जून १९२२ ही तारीख ठाऊक असावी लागते. त्या दिवशी, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात प्रचंड स्फोट झाला आणि त्याच आवारातला सरकारी दफ्तरखाना जवळपास संपूर्ण जळून गेला. १८२१ ते १८५१ या काळातल्या चार जनगणनांचे बहुतेक कागद, कित्येक पिढ्यांची मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या सुमारे हजार पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या कक्षेतल्या परिसरांच्या, नोंदवह्या त्या आगीत गेल्या. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे घरोघरचे कागद त्याआधीच सरकारी आदेशाने नष्ट झाले होते, तर १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी दिले गेले. त्यामुळे संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आयरिश जनगणना १९०१ ची आहे, आणि तिच्याही मागे, म्हणजे १८४० च्या दशकातल्या महादुष्काळाच्या आणि स्थलांतराच्या काळात जायचे असेल, तर मुख्य भिस्त पॅरिशच्या वह्यांवर आणि दफनभूमीतल्या दगडांवर ठेवावी लागते.

ही दोन साधने एकमेकांची उणीव भरून काढतात. कॅथलिक पॅरिशच्या वह्यांत बाप्तिस्मे आणि विवाह असतात, परंतु दफनाच्या नोंदी फारच थोड्या पॅरिशांनी ठेवल्या. दगडावर नेमके उलटे असते: मृत्यूचे वर्ष, वय, राहण्याचे ठिकाण आणि कधीकधी तीन पिढ्यांची नावे तिथे एकत्र भेटतात, मात्र जन्म आणि विवाह यांचा तपशील क्वचितच मिळतो. एकाच साधनावर विसंबून उभारलेली वंशावळ बहुधा कुठेतरी चुकीच्या माणसाला जोडली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठिकाण कळल्याशिवाय पुढे जाऊ नये

आयर्लंडमध्ये आडनावे एकेका भागात दाटीने आढळतात आणि पाळण्यातल्या नावांचा साठाही लहान आहे. कॉर्क काउंटीतल्या एखाद्या पॅरिशमध्ये १८३० च्या दशकात पॅट्रिक मर्फी आणि मेरी सुलिव्हान या नावांची दोन-तीन जोडपी एकाच वेळी मुलांचे बाप्तिस्मे करवून घेत असल्याचे दिसले, तर त्यात नवल नाही. अशा वेळी नुसत्या नावाने काहीच सिद्ध होत नाही. माणूस ओळखता येतो तो त्याच्या टाउनलँडवरून. टाउनलँड हा जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत घटक असून संपूर्ण बेटावर असे ६०,००० हून अधिक घटक आहेत. कोकणातल्या गावात जशी वाडी, तशी ही टाउनलँड समजावी. अनेक टाउनलँड मिळून सिव्हिल पॅरिश, म्हणजे सरकारी कामकाजातली पॅरिश, त्यावर बॅरनी आणि त्यावर काउंटी अशी रचना आहे. याशिवाय गरिबांच्या मदतीसाठी आखलेली पुअर लॉ युनियन ही वेगळीच विभागणी आहे आणि जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदणीचे जिल्हे तिच्यावरून ठरले.

सर्वाधिक गोंधळ होतो तो पॅरिश या शब्दामुळे. सिव्हिल पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश यांच्या सीमा अनेक ठिकाणी जुळत नाहीत आणि नावेही वेगळी असतात. जमिनीच्या कागदांवर जे पॅरिशचे नाव दिसते त्याच नावाची चर्चची वही शोधत बसणाऱ्याला ती कधीकधी सापडतच नाही, कारण ती टाउनलँड शेजारच्या कॅथलिक पॅरिशमध्ये मोडत असते. काउंट्यांची जुनी नावेही लक्षात ठेवावीत. आजची ऑफली काउंटी जुन्या लेखांत किंग्ज काउंटी म्हणून येते, लीश काउंटी क्वीन्स काउंटी म्हणून येते, आणि कॉर्कजवळचे कोव्ह बंदर १८४९ ते १९२० या काळात क्वीन्सटाउन होते.

ठिकाण शोधण्याची सुरुवात आयर्लंडमध्ये करू नये, पूर्वज जिथे जाऊन स्थायिक झाला तिथे करावी. अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या कॅथलिक दफनभूमींत आयरिश लोकांच्या दगडांवर मृताची काउंटी, आणि भाग्य चांगले असेल तर पॅरिश किंवा टाउनलँडसुद्धा कोरलेली असते. जनगणनेच्या कागदावर ज्या माणसाचे जन्मस्थान नुसते ‘आयर्लंड’ असे लिहिले गेले, त्याच्याच दगडावर मुलांनी बापाचे मूळ गाव आठवणीने कोरून ठेवलेले असते. त्याच्या जोडीला बॉस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्रातल्या हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती पाहाव्यात. त्या १८३१ पासून जवळपास नव्वद वर्षे छापल्या जात होत्या आणि त्यांत माणूस कोणत्या पॅरिशचा, कधी निघाला, कोणत्या बंदरावर उतरला हे सांगितलेले असे. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या जुन्या खातेवह्यांतही खातेदाराचे मूळ ठिकाण आणि जवळच्या नातलगांची नावे नोंदलेली आहेत. भावंडांचे, चुलत भावांचे आणि विवाहातल्या साक्षीदारांचे कागदही याच हेतूने तपासावेत, कारण थेट पूर्वजाच्या कागदावर गावाचे नाव नसले तरी त्याच्या बहिणीच्या दगडावर ते असू शकते.

काउंटी कळली पण टाउनलँड कळली नाही, तर ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन उपयोगी पडते. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेली आणि १८४७ ते १८६४ या काळात छापली गेलेली ही जमीन आणि घरांची कर-आकारणी आता नकाशांसह मोफत पाहता येते. तीत फक्त कुळाचे किंवा घरमालकाचे नाव असते, बायकामुलांची नावे नसतात. पण एकाच टाउनलँडमध्ये सारख्या नावाची दोन माणसे असली की आकारणी करणाऱ्यांनी त्यांच्यापुढे वडिलांचे नाव किंवा एखादे टोपणनाव कंसात लिहिले. जॉन मर्फीपुढे कंसात पॅट दिसले, तर त्या जॉनच्या बापाचे नाव पॅट्रिक होते, हे कळण्याचे तेवढे एकच साधन कधीकधी उरलेले असते. त्याआधीच्या पिढीसाठी १८२३ नंतरच्या दीड दशकातली टाइद अप्लॉटमेंट पुस्तके पाहावीत. चर्च ऑफ आयर्लंडसाठी शेतजमिनीवर जी पट्टी वसूल होत असे, तिच्या या याद्या आहेत. शहरातली माणसे आणि भूमिहीन मजूर त्यांत सापडत नाहीत.

कॅथलिक वह्या

कॅथलिक वह्या आगीतून बचावल्या याचे कारण साधे आहे: त्या दफ्तरखान्यात जमा करण्याची सक्ती नव्हती आणि त्या धर्मगुरूंच्या घरीच राहिल्या. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आणि जुलै २०१५ मध्ये १,०८६ पॅरिशांच्या वह्यांची पाने मोफत खुली केली. साधारण १८८० पर्यंतची पाने त्यात आहेत. त्यानंतरच्या नोंदींसाठी पॅरिशच्या कार्यालयाला नम्रपणे पत्र लिहावे, नेमके नाव आणि अंदाजे वर्ष द्यावे, आणि चर्चसाठी यथाशक्ती देणगी पाठवावी. लायब्ररीच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येत नाही, पॅरिश आणि महिना निवडून पाने चाळावी लागतात. नावांची सूची खासगी संकेतस्थळांनी केली आहे. काउंट्यांच्या वंशशोध केंद्रांची सशुल्क सूची रूट्सआयर्लंड या संकेतस्थळावर आहे, तर केरी, कार्लो, डब्लिन शहर आणि कॉर्कच्या काही भागाची सूची सरकारच्या आयरिशजीनिऑलॉजी या संकेतस्थळावर मोफत आहे. सूचीवर मात्र थांबू नये. पुसट शाईतले आडनाव उतरवून घेणाऱ्याने वेगळे वाचलेले असू शकते, म्हणून प्रत्येक नोंदीचे मूळ पान उघडून पाहावे आणि त्याच पानावरच्या शेजारच्या नोंदीही वाचाव्यात.

वह्या किती मागे जातात हे प्रदेशावर अवलंबून आहे. वेक्सफर्ड शहराच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १६७१ पासून आहेत, पण मेयो किंवा डोनेगॉलमधल्या कित्येक पॅरिशांच्या वह्या १८२० च्या पुढे, काहींच्या तर दुष्काळानंतरच सुरू होतात. अशा पॅरिशमध्ये जन्मलेल्या खापरपणजोबांचा बाप्तिस्मा सापडत नाही, याचा अर्थ तो झाला नाही असा होत नाही. वही कोणत्या वर्षी सुरू होते आणि मध्ये कुठे तुटते, हे शोधाला बसण्याआधीच टिपून ठेवावे.

अनेक वह्या लॅटिनमध्ये आहेत, मात्र त्यांचे साचे ठरलेले असल्यामुळे लॅटिन न येणाऱ्यालाही त्या थोड्या सरावाने वाचता येतात. नमुना म्हणून अशी एक ओळ घेऊ: ‘बाप्टिझावी योआन्नेम, फिलियुम लेगितिमुम पात्रिसिई मर्फी एत ब्रिजिडे केली’. याचा अर्थ ‘पॅट्रिक मर्फी आणि ब्रिजेट केली यांचा औरस मुलगा जॉन याला मी बाप्तिस्मा दिला’. त्यानंतर टाउनलँडचे नाव, मग ‘एस-पी’ ही दोन अक्षरे आणि धर्मपिता व धर्ममाता यांची नावे येतात. या एका ओळीत सर्वांत मोलाचे आहे ते आईचे माहेरचे आडनाव. आयरिश कॅथलिक नोंदींत ते नेमाने दिले जाते आणि सारख्या नावांच्या जोडप्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याचा तोच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. धर्मपिता आणि धर्ममाता बहुधा आईबापांची सख्खी भावंडे असत. एका जोडप्याच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे एका तक्त्यात मांडले आणि धर्मपित्यांची नावे बाजूला लिहिली, तर आत्या, काका, मावश्या आणि मामा यांची पिढी जवळपास पूर्ण उभी राहते.

नावांची रूपे पक्की माहीत असावीत. याकोबुस म्हणजे जेम्स, गुलियेल्मुस म्हणजे विल्यम, दियोनिसियुस म्हणजे डेनिस, कारोलुस म्हणजे चार्ल्स. लॅटिनमधला येरेमियास घरात डार्बी म्हणून ओळखला जात असे, एउजेनियुस हा ओवेन असे, होनोरा ही नोरा किंवा हॅना असे. आडनावांच्या आधीचे ओ आणि मॅक हे एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात गळून पडले होते आणि शतकाच्या अखेरीस पुन्हा लावले जाऊ लागले. त्यामुळे सुलिव्हान आणि ओसुलिव्हान ही दोन घराणी मानू नयेत. मॅकगोवन घराणी स्मिथ या आडनावाखालीही सापडतात, विशेषतः कॅव्हनमध्ये.

विवाह बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागत. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत विवाह होत नसल्यामुळे ऐन फेब्रुवारीत, उपवास सुरू होण्याच्या आधीच्या दिवसांत, नोंदींची दाटी झालेली दिसते. विवाहाची नोंद मात्र कोरडी असते. वधूवर, दोन साक्षीदार आणि क्वचित टाउनलँड एवढेच तिच्यात मिळते, आईबापांची नावे बहुतेक वेळा नसतात. कुठे नात्यातल्या विवाहाला दिलेली सूट ‘तिसऱ्या पदरातले रक्ताचे नाते’ अशा शब्दांत लिहिलेली आढळली, तर ती ओळ सोन्याच्या मोलाची समजावी, कारण तिसऱ्या पदराचे नाते म्हणजे वधूवरांच्या पणजोबा-पणजींपैकी कोणीतरी एक होते आणि तेवढ्या माहितीवर दोन शाखा जोडता येतात. समासातली टिपणेही सोडू नयेत. १९०८ पासून लागू झालेल्या चर्चच्या नियमानुसार विवाहाची खबर वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला पाठवावी लागे आणि तिथला धर्मगुरू ती जुन्या नोंदीपुढे लिहून ठेवी. खेड्यातल्या वहीच्या समासात बॉस्टन किंवा शिकागोमधल्या विवाहाची तारीख सापडते ती यामुळे.

भावंडांची नावे ठेवण्याची एक रूढी होती: पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे. हिचा उपयोग अंदाज बांधण्यापुरता करावा, पुरावा म्हणून करू नये. आणखी एक सवय याहून धोक्याची आहे. एखादे मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव दिले जाई. त्यामुळे १८३२ चा पॅट्रिक सापडला की लगेच हर्ष मानू नये, १८३५ मध्ये त्याच आईबापांचा दुसरा पॅट्रिक आहे का ते पाहावे. तो असेल, तर पहिला बहुधा लहानपणीच गेला.

चर्च ऑफ आयर्लंड आणि सरकारी नोंदी

चर्च ऑफ आयर्लंड १८७१ पर्यंत राज्याचे अधिकृत चर्च होते आणि त्याच्या जुन्या वह्या पुढे कायद्याने सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या. म्हणूनच त्या दफ्तरखान्यात गेल्या आणि जळाल्या. परंतु ज्या पॅरिशांकडे कागद सुरक्षित ठेवण्याची सोय होती त्यांना वह्या स्वतःकडे ठेवण्याची परवानगी मिळाली होती, आणि काही धर्मगुरूंनी वह्या पाठवण्याआधी नकला करून घेतल्या होत्या. उरलेल्या बऱ्याच वह्या डब्लिनमधील रेप्रेझेंटेटिव्ह चर्च बॉडी लायब्ररीत आहेत आणि उत्तरेकडच्या वह्यांच्या प्रती बेलफास्टमधील प्रोनी या सार्वजनिक अभिलेखागारात आहेत. तेव्हा ‘सगळे जळाले’ असे गृहीत धरून शोध सोडू नये. बराक ओबामा यांच्या आईकडचा पूर्वज फाल्मथ कर्नी १८५० मध्ये ऑफली काउंटीतल्या मनीगॉल गावाहून अमेरिकेला गेला, हे नाते २००७ मध्ये टेम्पलहॅरी येथील चर्च ऑफ आयर्लंडच्या स्थानिक नोंदींनीच पक्के झाले. २०२२ मध्ये सुरू झालेल्या व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी या प्रकल्पातही जळालेल्या कागदांच्या अन्यत्र राहिलेल्या नकला मोफत पाहता येतात.

सरकारी नोंदणी बिगर-कॅथलिक विवाहांसाठी १ एप्रिल १८४५ पासून, आणि सर्वांचे जन्म, विवाह व मृत्यू यांसाठी १ जानेवारी १८६४ पासून आहे. आयरिशजीनिऑलॉजीवर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानांसह मोफत आहेत. विवाहाच्या सरकारी नोंदीत दोन्ही बापांची नावे असतात, ही तिची चर्चच्या नोंदीवरची सरशी आहे. जन्माची तारीख बाप्तिस्म्यानंतरची दिसली तर गोंधळून जाऊ नये. उशिरा नोंद केल्यास दंड असल्यामुळे पालक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत, आणि अशा वेळी चर्चची तारीख खरी धरावी. वयांच्या बाबतीत हीच सावधगिरी बाळगावी. १९०१ मध्ये ५५ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७० वर्षांचा झालेला आढळतो, कारण मधल्या काळात, जानेवारी १९०९ पासून, सत्तरी ओलांडलेल्यांना वृद्धांचे निवृत्तिवेतन सुरू झाले होते. १९११ च्या कागदावर विवाहाला किती वर्षे झाली, किती मुले झाली आणि त्यांतली किती जिवंत आहेत हेही विचारले होते. त्यावरून बाप्तिस्म्यांचा तक्ता पूर्ण झाला की नाही ते पडताळता येते.

दफनभूमीत

प्रथम योग्य दफनभूमी ओळखावी. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर जुनी पॅरिश चर्च चर्च ऑफ आयर्लंडकडे गेली, पण त्यांच्या आवारात आपल्या माणसांना पुरण्याचा हक्क कॅथलिक घराण्यांनी पिढ्यानपिढ्या सोडला नाही. त्यामुळे कॅथलिक कुटुंबाच्या कबरी आजच्या कॅथलिक चर्चच्या अंगणात न मिळता, एखाद्या पडक्या मध्ययुगीन चर्चभोवती किंवा प्रोटेस्टंट चर्चच्या आवारात मिळतात. टाउनलँडच्या आसपासच्या अशा सगळ्या जागा शोधण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचे १८३०-४० च्या सुमाराचे सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशे उत्तम आहेत. त्यांवर दफनभूमी आणि भग्न चर्च बारकाईने दाखवलेली आहेत. घराण्यातल्या सुना कित्येकदा नवऱ्याच्या शेजारी पुरल्या जात, पण काही भागांत त्या माहेरच्या कबरीतही गेल्या आहेत, म्हणून माहेरची दफनभूमीही पाहावी. डब्लिन शहरात राहिलेल्या कॅथलिक कुटुंबांसाठी १८३२ मध्ये सुरू झालेल्या ग्लासनेव्हिन दफनभूमीच्या वह्या आधी तपासाव्यात, कारण तिथे दगड नसलेल्या गरिबांच्या दफनाचीही नोंद आहे.

प्रवासाला निघण्याआधी झालेले काम पाहून घ्यावे. मृतांच्या स्मारकांच्या जतनासाठी १८८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पुढची सुमारे साडेचार दशके दगडांवरचे लेख उतरवून छापले. त्यांतले कित्येक दगड आज वाचण्याजोगे राहिलेले नाहीत, म्हणून ती छापील नक्कल मूळ दगडाइतकीच मोलाची आहे. ‘हिस्टॉरिक ग्रेव्ह्ज’ प्रकल्पात गावकऱ्यांनी स्वतः नोंदवलेल्या अनेक दफनभूमी छायाचित्रांसह आहेत. अनेक पॅरिशांत उन्हाळ्यातल्या एका रविवारी दफनभूमीतच प्रार्थना होते आणि प्रत्येक घराणे आपापल्या कबरीपाशी उभे राहते. भेट त्या दिवशी ठरवता आली तर अवश्य ठरवावी, कारण ज्या कबरीवर लेखच नाही ती कोणाची हे त्या दिवशी तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारता येते.

दगड वाचण्याची खरी किल्ली प्रकाश आहे. लेख सहसा पूर्वेकडे तोंड करून असतो. सकाळचे ऊन त्याच्यावर समोरून पडते आणि अक्षरे सपाट दिसतात. सूर्य दक्षिणेकडे सरकला की, म्हणजे दुपारच्या सुमारास, ऊन दगडाच्या पृष्ठभागाला घासून जाते आणि उथळ झालेल्या खाचांत सावली भरते. ढगाळ हवेत किंवा झाडाखाली मोठ्या आरशाने प्रकाश कडेने टाकावा, किंवा तिन्हीसांजेला विजेरी दगडाच्या कडेला अगदी चिकटवून धरावी. विजेरीची जागा बदलत एकाच दगडाची चार-पाच छायाचित्रे घ्यावीत, कारण एका कोनातून सात दिसणारा आकडा दुसऱ्या कोनातून एक ठरतो. तीन, पाच आणि आठ यांचीही हीच गत होते. पाटीच्या दगडावरची अक्षरे दोन शतकांनंतरही रेखीव राहतात, वालुकाश्माचे मात्र पापुद्रे सुटतात.

दगड घासू नये. तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, पीठ, दाढीचा फेस यांतले काहीही वापरू नये. शेवाळ आणि दगडफूल खरवडले की त्याखालचा थरही निघून येतो. मऊ ब्रश आणि साधे पाणी एवढ्यावरच भागवावे, पडलेला दगड उलटवू नये आणि मातीत गेलेला लेख पाहण्यासाठी खणू नये. जुन्या दफनभूमी पुरातत्त्वीय स्थळे म्हणून कायद्याने संरक्षित असतात आणि खणण्यासाठी रीतसर परवानगी लागते.

लेख उतरवताना ओळी जशा तुटल्या आहेत तशाच लिहाव्यात, शब्दलेखन सुधारू नये आणि जे वाचता आले नाही त्या जागी मोकळी जागा सोडावी. जुन्या दगडाचा ठरीव साचा असा असतो: ‘अमुक टाउनलँडच्या जॉन मर्फी याने आपला पिता पॅट्रिक याच्या स्मरणार्थ उभारला. तो १७ मार्च १८४१ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी निवर्तला. तसेच त्याची माता मेरी मर्फी उर्फ केली, आणि स्वतःसाठी व आपल्या वंशजांसाठी.’ यातला प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा. ‘उर्फ’ नंतरचे आडनाव हे माहेरचे असते. उभारणाऱ्याचे नाव मृताइतकेच महत्त्वाचे आहे, कारण तो त्या वेळी जिवंत आणि बहुधा घराचा कर्ता होता. त्याचे गाव न्यूयॉर्क किंवा सिडनी असे कोरलेले असेल, तर गेलेल्या आणि राहिलेल्या शाखांचा सांधाच हाती लागतो. शेजारचे चारही दगड त्याच तपशिलाने उतरवावेत, नातलग एकमेकांजवळ पुरले जात. बहुसंख्य गरीब कुटुंबांना लेख कोरून घेणे कधीच परवडले नाही. शेतातून आणून उभा केलेला बिनअक्षराचा धोंडा एवढीच त्यांची खूण आहे, आणि तिचीही जागा नकाशावर मांडावी. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळे दफनभूमीत न पुरता किलीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या जागी पुरली जात, त्यामुळे ती दगडावर शोधू नयेत.

दोन्हींचा मेळ

दगडावरचे वय हा अंदाज असतो. दगड कित्येकदा मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांनी, मुलाच्या हाती पैसा आल्यावर उभा राहतो आणि वय आठवणीने कोरले जाते. त्यामुळे १८६७ मध्ये ८४ व्या वर्षी वारलेल्या माणसाचा बाप्तिस्मा १७८३ च्या आगेमागे दहा वर्षे शोधावा. नोंदी एकमेकींशी जुळत नसतील, तेव्हा घटनेच्या सर्वांत जवळच्या काळात आणि प्रत्यक्ष माहिती असलेल्या माणसाकडून झालेली नोंद अधिक विश्वासार्ह मानावी. किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदींतला माणूस एकच आहे असे लिहू नये, आणि त्यांतली एक टाउनलँड किंवा आईचे माहेरचे आडनाव असावी. शेवटी उलट तपासणी करावी. परदेशी गेलेला म्हणून जो पॅट्रिक निवडला, तो त्याच पॅरिशमध्ये पुढे विवाहित झालेला किंवा तिथल्या दगडावर लहानपणीच वारलेला तर नाही ना, हे पाहावे. माझ्या मते संपूर्ण शोधातली ही सर्वांत आवश्यक आणि सर्वांत अधिक टाळली जाणारी पायरी आहे.

या मार्गाचा एक फाटा महाराष्ट्रातून जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे युरोपियन पलटणींत आयर्लंडमध्ये भरती झालेले शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि त्यांतली एक जुनी पलटण १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. पुणे, खडकी, देवळाली आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत आयरिश आडनावांचे दगड आहेत, पण त्यांवर बहुधा पलटण आणि मृत्यूची तारीख एवढेच असते. अशा वेळी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातली एन-३ ही मालिका पाहावी. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांचे दरसालचे तक्ते तीत आहेत. शिपायाचे आयर्लंडमधले ठिकाण मात्र कंपनीच्या भरतीच्या आणि जहाजावर चढल्याच्या याद्यांत सापडते, कारण त्यांत काउंटी, पॅरिश आणि पूर्वीचा धंदा लिहून घेतला जाई. राणीच्या फौजेतल्या शिपायासाठी हेच काम लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधले निवृत्त सैनिकांचे कागद करतात. खडकीतल्या दगडावरचे नाव आणि तारीख घेऊन आधी एन-३ मधली दफनाची नोंद गाठावी, तिथून पलटणीचा तपशील घेऊन भरतीची यादी काढावी आणि तिच्यातल्या पॅरिशच्या नावावरून आयर्लंडमधली वही उघडावी.